दुकान वाढवले म्हणजे काय झाले?

नगरच्या कापडबाजारात काही वर्षांपूर्वी राजस्थानातून आलेल्या एका तरुण व्यापाऱ्याने लहानसे दुकान घातले. माणूस कष्टाळू, गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा, आणि मराठी शिकण्याची त्याला मनापासून हौस. सहा महिन्यांत तो मराठीत भाव करू लागला, वर्षभरात वर्तमानपत्र वाचू लागला. एके दिवशी घरी पाहुणे यायचे म्हणून त्याने सातलाच फळ्या लावल्या. शेजारचे काका जाता जाता म्हणाले, "काय शेठ, आज लवकर दुकान वाढवलंत?" हा बिचारा संकोचून म्हणाला, "कुठलं हो काका! एवढ्याशा भांडवलात काय वाढवणार? अजून दोन वर्षं तरी आहे तेच चालवीन म्हणतो."

हा किस्सा दुसऱ्या दिवशी साऱ्या पेठेत फिरला. आम्हीही तो चार ठिकाणी सांगितला. पण तो तरुण आमच्याकडे येऊन म्हणाला, "शब्द मला येत होता. 'दुकान' येत होतं, 'वाढवणं' येत होतं. मग चुकलं कुठे?" तेव्हा हसू ओसरले आणि आम्ही विचारात पडलो. आजचा विषय त्या प्रश्नातून निघाला आहे. शब्द येतात, व्याकरण येते, अर्थही पाठ असतो, आणि तरी बोलणे चुकते. असे का होते?

प्रथम 'वाढवणे' हेच घेऊ. आपल्या भाषेला काही गोष्टी तोंडाने उच्चारायची भीती वाटते. दुकान म्हणजे लक्ष्मीचे ठिकाण, ते 'बंद झाले' कसे म्हणावे? म्हणून ते वाढवायचे. सवाष्णीच्या हातची बांगडी फुटत नाही, ती वाढवते. मंगळसूत्राचा दोरा तुटत नाही, मंगळसूत्र वाढते. देवापुढे नारळ वाढवायचा, दिवा मालवायचा किंवा शांत करायचा, विझवायचा नाही. घरातून निघताना 'जातो' म्हणायचे नाही, 'येतो' म्हणायचे. दाराशी चप्पल घालता घालता माणूस 'येतो' म्हणतो आणि निघून जातो, हे परक्याला किती चमत्कारिक वाटत असेल!

पण येथवर ऐकून कोणी 'तुटणे-फुटणे म्हणजे वाढवणे' असे वहीत टिपून घेईल, तर तो पुन्हा फसेल. कारण कपबशी वाढवत नाही, फुटतेच. चटणीसाठी घेतलेला नारळही फोडायचाच असतो, वाढवायचा नसतो. दुकान वाढवले म्हणजे आजच्यापुरते बंद केले. धंदाच बुडाला आणि कुलूप लागले, तर त्याला कोणी 'वाढवले' म्हणणार नाही. आणि आपल्या जिल्ह्यात तर साखर कारखाने पुष्कळ. 'कारखाना वाढवला' असे कोणी म्हणाले, तर गाळपाची ताकद वाढवली असाच अर्थ घ्यायचा. हंगाम संपला असेल तर कारखान्याचा 'पट्टा पडला' म्हणायचे. तात्पर्य, जेथे सौभाग्य, देव किंवा लक्ष्मी यांचा संबंध आहे, तेथेच हा उलटा अर्थ चालतो. हा नियम आमच्या पाहण्यातल्या शालेय व्याकरणात आलेला नाही. आपल्या घरातल्या बायकांना मात्र तो अचूक ठाऊक असतो, आणि त्यांना तो कोणी शिकवलेला नसतो.

आता शाळेतली रीत पाहा. 'पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न आपण सर्वांनी सोडवलेला आहे. प्रश्न उत्तम आहे. पण त्याची उत्तरे आपण पाठ करतो. कंबर कसणे म्हणजे तयार होणे. 'परीक्षा जवळ येताच रामने अभ्यासासाठी कंबर कसली.' वर्षानुवर्षे तोच राम, तीच परीक्षा, तीच कंबर. त्या मुलाने घरी, मैदानावर कधी 'कंबर कसली' म्हटलेले नसते. गुण मिळतात आणि वाक्प्रचार वहीतच राहतो. म्हणीचे एक बरे असते. ती घडीव नाण्यासारखी. जशी आहे तशी उचलायची आणि टाकायची. वाक्प्रचार मात्र वाक्यात विरघळतो. त्याला काळ लागतो, पुरुष लागतो, वचन लागते, विभक्ती लागते, आणि ह्यातले काही बदलले की कधी काही बिघडत नाही, तर कधी सगळेच बिघडते.

डोळ्याचेच उदाहरण घ्या. 'डोळा लागला' म्हणजे झोप लागली. 'डोळे लागले' म्हणजे वाट पाहणे चालले आहे. एका वचनाचा फरक; एकात माणूस निजला, दुसऱ्यात तो जागत बसला. 'डोळा आहे' म्हणजे हाव आहे. 'डोळे आले' म्हणजे औषध घाला. आणि 'डोळे मिटले' म्हणजे तर माणूस गेलाच. दुपारी दारावर आलेल्या पाहुण्याला कोणी नवशिक्याने 'आजोबांनी आत्ताच डोळे मिटले' असे सांगितले, तर पाहुणा ओसरीवरच मट्कन बसेल आणि आत आजोबा घोरत असतील. शब्दाशब्दाने पाहिले तर वाक्यात चूक दाखवता येणार नाही. आजोबांनी डोळे मिटले होते हे खरेच आहे!

पाण्याचे वाक्प्रचार आपल्या जिल्ह्याला विशेष जवळचे. उत्तरेकडे प्रवरेचे पाट आहेत, १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण आहे. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पाथर्डी, कर्जत, जामखेड ह्या भागांत पावसाकडे डोळे लावून बसावे लागते. येथे दोन माणसे भेटली की 'काय, पाऊसपाणी काय म्हणतंय?' असेच बोलणे निघते. तो प्रश्न नेहमी पावसाविषयीच असतो असेही नाही. 'कसे आहात' एवढेच त्यातून विचारायचे असते, आणि किती मिलिमीटर झाला हे सांगत बसणारा माणूस नवखा ठरतो.

शेतकरी गड्याला विचारतो, 'बैलांना पाणी दाखवलं का?' गड्याने पाणी लांबून दाखवून बैल परत आणलेले नसतात. बैल पोटभर प्यालेले असतात. जनावराला पाणी दाखवायचे. पाहुण्याला पाणी द्यायचे, किंवा 'पाणी विचारायचे'. आणि प्रतिस्पर्ध्याला पाणी पाजायचे. 'काल आलेल्या पाहुण्यांना आम्ही पाणी पाजलं' हे कबड्डीच्या मैदानावरून ऐकू आले तर ठीक, पण ओसरीवरून आले तर ऐकणारा चमकतो. कोठे तरी 'पाणी मुरतं आहे' म्हणजे लबाडी आहे. बंधारा बांधणाऱ्यांच्या तोंडी तेच वाक्य अगदी आनंदाचे असते! एखाद्याला 'पाण्यात पाहणे' म्हणजे त्याचा द्वेष करणे. 'देव पाण्यात घालून बसणे' म्हणजे एखाद्या गोष्टीसाठी जीव टांगून वाट पाहणे. एकात माणूस पाण्यात, दुसऱ्यात देव, आणि दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही.

ह्यातला आमच्या विशेष आवडीचा वाक्प्रचार 'पाणी सोडणे' हा. दान देताना हातावरून पाणी सोडण्याची जुनी रीत आहे. ते पाणी पडले की वस्तूवरचा आपला हक्क संपला. त्यावरून 'वाट्यावर पाणी सोडले' म्हणजे हक्क कायमचा सोडून दिला. आता आमच्याकडे पाटाचे आवर्तन आले की रात्री-अपरात्री लोक शेतात पाणी सोडायला जातात. 'भावाने शेतात पाणी सोडले' म्हणजे भाऊ कामसू. 'भावाने शेतावर पाणी सोडले' म्हणजे भाऊ उदार, किंवा भोळा, किंवा कोणी त्याला फसवलेला. 'त' आणि 'वर' एवढाच फेर; एकाने उसाला ओल मिळते, दुसऱ्याने सातबाऱ्यावरचे नाव जाते. परप्रांतातून आलेल्या एखाद्या कारकुनाने ह्या दोहोंत घोटाळा केला तर त्याला हसण्याआधी आपण आपल्या भाषेकडे पाहून थोडे हसावे.

विभक्ती, वचन ह्या गोष्टी निदान कागदावर दाखवता येतात. त्यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे कोणी कोणाला म्हणायचे ही. आपण थोरामोठ्यांना आग्रह करतो, 'एकदा आमच्याकडे पायधूळ झाडा.' एका नव्या अधिकाऱ्याला हे इतके आवडले, की त्याने एका वयोवृद्ध गृहस्थांना उलट निरोप पाठवला, 'उद्या सायंकाळी आपल्याकडे पायधूळ झाडायला येतो.' त्याला नम्रता दाखवायची होती. झाला उलटा प्रकार. पायधूळ दुसऱ्याची असते. स्वतःच्या पायांची धूळ माणूस अंगणात झाडून मग आत येतो. उलट काही बोल स्वतःपुरतेच शोभतात. 'मी शेण खाल्लं' असे कबूल करणाऱ्याला आपण क्षमा करतो. 'तुम्ही शेण खाल्लंत' म्हणालात की भांडण. आणि 'गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय' हे आजीने नातवाला म्हणायचे. नातवाने विधुर काकांना म्हणून पाहावे म्हणजे कळेल.

काही वाक्प्रचार असेही आहेत की ते समजावेत, पण वापरू नयेत. 'कुंकू पुसले गेले' ह्या तीन शब्दांत एका स्त्रीचे आयुष्य पुसून टाकण्याची रूढी आहे. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. रूढी गेली तर तिच्यावर पोसलेले बोलही गेले तरी चालतील. शिकणाऱ्याने त्याचा अर्थ मात्र टिपून ठेवावा, कारण जुन्या कादंबरीत तो भेटणारच.

परक्यांनी मराठी शिकण्याचा उद्योग आपल्या नगरला नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक येथे १८३१ साली आले, आणि त्याच साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. तो कोश आजही उघडून पाहण्यासारखा आहे. मोल्सवर्थ नुसता अर्थ देऊन थांबत नाही. शब्दाभोवतीचे वाक्प्रचार, म्हणी, बोलण्याच्या लकबी तो गोळा करतो. पंडितांना जवळ बसवून, 'हे कोण म्हणतो? कशावरून म्हणतो?' असे विचारल्यावाचून हे काम होणे नाही. १८४२ मध्ये नगरलाच 'ज्ञानोदय' सुरू झाला. पुढे १८९९ साली मॅन्वेरिंग नावाच्या मिशनऱ्याने मराठी म्हणींचा एक जाडजूड संग्रह इंग्रजी अर्थासह छापला. इतके परिश्रम! आणि तरीही 'पाद्र्यांची मराठी' हा आपल्याकडे थट्टेचाच विषय राहिला. व्याकरण बिनचूक, उच्चार सावकाश, पण वाक्याची ठेवण इंग्रजी. बहुधा त्यांची मराठी पुस्तकातून आणि पंडिताच्या बैठकीतून आली, स्वयंपाकघरातून आली नाही.

ह्याच मिशनच्या परिसरात लक्ष्मीबाई टिळक वावरल्या. त्यांना शाळा अशी लाभली नाही. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर घरात शिकल्या. १९३४ ते १९३६ ह्या काळात त्यांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध झाली, आणि मराठी बोलणे कागदावर कसे उतरते हे लोकांनी पाहिले. त्यांना एकही वाक्प्रचार 'वाक्यात उपयोग करा' म्हणून शिकवलेला नव्हता. दळता-कांडता, माजघरात बसून, भांडताना आणि हसताना कानांवर पडलेली ती भाषा आहे. मोल्सवर्थचे मोठेपण आम्ही कमी करीत नाही. दाते-कर्वे ह्यांनी १९४२ पासून 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' काढला तेव्हा त्यांनाही आधी कान लावूनच ऐकावे लागले असणार. पण कोश मदतीला घ्यायचा, मुक्काम माणसांतच करायचा.

कोणी म्हणेल, हे सारे मराठीचेच खूळ आहे. तसे नाही. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ व्यापारानिमित्त काही वर्षे हाँगकाँगला होते. तेथे कँटोनीज बोलतात. ते सांगत, की तेथे ओळखीचा माणूस भेटला की 'जेवलास का?' असे विचारतो. पहिल्या आठवड्यात त्यांना वाटले, किती अगत्याचे लोक हे, सगळेच जेवायला बोलावतात! पण ते आमंत्रण नव्हतेच. आपल्याकडे दुपारी बाराला 'काय, जेवण झालं का?' म्हणतात, तसलाच तो रामराम. 'झालं, तुमचं?' एवढे उत्तर पुरते.

एखाद्याची नोकरी गेली तर तेथे म्हणतात, मालकाने त्याचे 'माकूळ परतले'. माकूळ हा समुद्रातला प्राणी. आपल्या कोकणात खातात. तव्यावर टाकला की त्याचे तुकडे वळकटीसारखे गुंडाळतात. पूर्वी चाकर आपले अंथरूण घेऊन मालकाकडे राहत, आणि काढून टाकले की वळकटी बांधून निघत. त्यावरून हा बोल आला असे सांगतात. हे ऐकून आम्हांला आपला 'गाशा गुंडाळणे' आठवला. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचे वस्त्र, पुढे अंथरूणही. शब्द अरबी-फारसीतून आलेला, निजामशाहीच्या ह्या शहराला परका नसलेला. दोन देश, दोन भाषा, ओळख ना पाळख, आणि वळकटी एकच! पण येथेही सांभाळून. आपला गाशा माणूस बहुधा स्वतः गुंडाळतो. माकूळ मालक परततो. मालकाने काढून टाकले तर आपण 'नारळ दिला' म्हणतो. आणि नारळ तर आपण सत्कारातही देतो. तेव्हा निवृत्तीच्या समारंभाचे वर्णन करताना 'साहेबांनी त्यांना नारळ दिला' असे लिहू नये. 'शाल-श्रीफळ दिले' लिहावे.

आमच्या त्या व्यापाऱ्याला सर्वांत आवडली ती पुढची गोष्ट. कँटोनीजमध्ये 'रिकामे' ह्या शब्दाचा उच्चार 'अशुभ' ह्या शब्दासारखा होतो. म्हणून भाड्याने द्यायच्या रिकाम्या घराला ते 'रिकामे घर' म्हणत नाहीत, 'शुभ घर' म्हणतात! जिभेच्या मूळ शब्दाचा उच्चार 'तोटा' ह्या शब्दाशी जुळतो, म्हणून त्यांनी जिभेला नफ्याशी जुळणारे दुसरेच नाव ठेवले. व्यापारी लोक ते. तोटा तोंडात कसा ठेवतील? आमचा मित्र हे ऐकून म्हणाला, "म्हणजे तिथंही दुकान वाढवतातच की!" त्या दिवशी आम्हांला वाटले, ह्याला आता मराठी आली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगताना आम्हांला संकोच होतो. आमच्या वाड्यात एक सून कलबुर्गीकडून लग्न होऊन आली. माहेरची भाषा कानडी. दोन-तीन महिन्यांत ती मोडके-तोडके मराठी बोलू लागली. समोरच्या बिऱ्हाडात मुलगा झाला, बायका जमल्या, आणि ही उत्साहाने म्हणाली, "मावशी, बाळाच्या बाराव्याला लाडू मी करते." बारावा दिवस, म्हणून बारावे, हिशेब बरोबर होता. पण आपल्याकडे जन्माच्या बाराव्या दिवसाला बारसे आणि मृत्यूच्या बाराव्या दिवसाला बारावे. क्षणभर सगळे गप्प झाले, एक म्हातारी 'शुभ बोल गं बाई' म्हणून ओरडली, आणि मग सगळा वाडा हसला. हसणाऱ्यांत आम्हीही होतो. ती मुलगी त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मराठीत बोलली नाही. मान हलवायची, हसायची, आणि आत निघून जायची. आम्ही तिला अबोल म्हणू लागलो.

तिला पुन्हा बोलते केले ते तिच्या चुलतसासूबाईंनी. त्या तिची चूक कधी दाखवत नसत. ती 'दिवा विझवते' म्हणाली, की त्या म्हणत, "हो, मालव दिवा, आणि ये जेवायला." ती 'मी जाते' म्हणाली, की त्या दारापर्यंत येऊन म्हणत, "ये हं, लवकर ये." बरोबर शब्द त्या आपल्या वाक्यात घालून तिच्यासमोर ठेवीत आणि पुढच्या विषयाला लागत. ना हसणे, ना थांबवणे. नव्या माणसाशी बोलताना आपल्याला करता येण्याजोगे ह्याहून सोपे काम आम्हांला दिसत नाही. आणि हे आपल्या मुलांशीही करता येते. आजची मुले सर्रास 'माझी मदत कर' म्हणतात. ते हिंदी वळण आहे. त्यावर व्याख्यान देण्याऐवजी 'बरं, तुला मदत करते, आण इकडे' म्हणावे.

शिकणाऱ्याने काय करावे, हे आमच्या व्यापारी मित्राने त्याच्या परीने शोधले आहे. त्याच्या गल्ल्यात एक लहान वही असते. तीत तो वाक्प्रचाराचा अर्थ शेवटी लिहितो. आधी लिहितो, कोण म्हणाले, कोणाला म्हणाले, आणि ऐकणारा हसला की रागावला. एकच बोल तीन वेगळ्या तोंडांतून ऐकल्याशिवाय तो स्वतः वापरत नाही. 'हातावर तुरी देणे' त्याने सात महिने वहीत ठेवला होता, आणि उधारी बुडवून गेलेल्या एका गिऱ्हाइकावर अगदी नेमका वापरला. उधारी गेल्याचे दुःख त्याला त्या दिवशी फारसे झाले नाही, असे तो सांगतो.

आणि त्या सुनेला तिसऱ्या वर्षी मुलगी झाली. चुलतसासूबाईंनी हळदीकुंकवाची कुयरी तिच्या हाती दिली आणि वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडात तिलाच बोलावणे करायला पाठवले. आमच्या दाराशी ती आली, कुंकू लावण्यासाठी आमच्या घरच्या मंडळींना हाक मारली, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बुधवारी आमच्या बाळाचं बारसं आहे. सगळ्यांनी यायचं." मग उंबरठ्यावरून मागे वळून, "येते हं."

आम्ही बुधवारी गेलो. लाडू तिनेच केले होते.